बेळगावात मापं देऊन शिवून मिळणारी कामाची सॅक: आतून-बाहेरून तपासणी

खडेबाजार, गणपत गल्लीकडे तयार बॅगांची दुकानं हवी तेवढी आहेत, पण आपली मापं आणि आपले कप्पे सांगून सॅक शिवून देणारे मोजकेच. दोन मशीन आणि कटिंगचं एक टेबल एवढाच पसारा असलेल्या अशाच एका ठिकाणी शिवलेल्या सॅकचं हे परीक्षण. उद्यमबागेतल्या कारखान्यांत सर्व्हिसला जाणारे, खानापूर-निपाणीहून रोज ये-जा करणारे, लॅपटॉपबरोबर हत्यारं, फाईल आणि डबा वागवणारे अशांसाठी ही सॅक आहे. निकाल आधीच देतो. पट्ट्यांचं काम पहिल्या दर्जाचं आहे. कप्पे सांगून करून घेतले तर उत्तम, त्यांच्या नेहमीच्या नमुन्यात घेतले तर साधारण. चेनच्या वळणात मात्र एक दोष आहे आणि तो ऑर्डर देतानाच टाळायला हवा.

माप ३१ सेंटिमीटर रुंद, ४६ उंच, १७ खोल, म्हणजे साधारण २४ लिटर. रिकामं वजन सव्वा किलोच्या वर जातं. दुकानातली याच आकाराची सॅक यापेक्षा बरीच हलकी मिळते. जास्तीचं वजन कशात गेलं ते अस्तर उलटून पाहिलं की दिसतं: तळाला आणि खालच्या १० सेंटिमीटरला कापडाचा दुसरा थर, पट्ट्यांच्या आतून शेवटपर्यंत गेलेली नायलॉनची निवार, आणि पाठीमागे १० मिलिमीटरचा ईव्हीए फोम.

कापड १००० डेनियरचं नायलॉन. ९,००० मीटर सुताचं वजन जितके ग्रॅम भरेल तितके डेनियर, असा हा आकडा. तो सुताची जाडी सांगतो, कापडाचा दर्जा नाही. ६०० डेनियरचं पॉलिएस्टर सगळीकडे मिळतं, स्वस्त असतं आणि उन्हात नायलॉनपेक्षा जास्त टिकतं. पण सिमेंटच्या जमिनीवर, बसच्या पत्र्यावर घासटण्यात जाड नायलॉन त्याच्या पुढे आहे. गिऱ्हाईक बहुतेक वेळा कापड हातात घेऊन कडकपणा बघतं. तो कडकपणा सुताचा नसतो, पाठीमागच्या पीव्हीसीच्या थराचा असतो, आणि तो थर घडीवर चिरतो. या सॅकच्या कापडाला आतून पातळ पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर आहे. घडी पडली तरी तो चिरत नाही, पण दमट हवेत कोंडून राहिला तर काही वर्षांनी चिकट होऊन सुटायला लागतो. जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळी बाजूला राहणाऱ्यांनी ओली सॅक माळ्यावर टाकू नये. उलटी करून सावलीत पूर्ण वाळवावी, मगच ठेवावी.

आता पट्ट्यांकडे येऊ, कारण सॅक फाटते ती बहुतेक इथेच. कापड क्वचितच हार खातं. आठ किलो भरलेली सॅक उचलून खांद्यावर टाकली की त्या झटक्यात शिवणीवर निदान दुप्पट ओढ येते, म्हणजे १६ किलोची. एकच पट्टा खांद्यावर असेल तर ती सगळी एका जोडावर. बाजारातल्या सॅकमध्ये पट्ट्याचं वरचं टोक पाठ आणि माथा यांच्या शिवणीत नुसतं खुपसून एक टीप मारलेली असते. ओढ आली की ती शिवण एका कडेने सोलली जाते. सगळे टाके मिळून भार घेत नाहीत. कडेचे चार-पाच घेतात, ते तुटले की पुढचे चार-पाच. म्हणूनच पट्टा एका बाजूने सुटायला लागला की मग दोन दिवसांत हातात येतो.

इथे तसं नाही. पट्ट्याच्या शेवटच्या चार सेंटिमीटरमधून फोम काढून टाकलेला आहे. फोमवरून मारलेली टीप आज घट्ट दिसते, पण फोम दबला की दोरा सैल पडतो आणि टाके घासायला लागतात. उरलेलं चपटं टोक पाठीच्या कापडावर सपाट ठेवलंय, त्यावर ५० मिलिमीटर रुंदीची निवार आडवी टाकलीय, आणि सगळ्या थरांतून चौकट-फुलीची टीप (चौकोन आणि त्याच्या आत फुली) मारलीय. ओढ आता शिवणीच्या पातळीतच, आडवी येते. चौकटीतले सगळे टाके एकदम कामाला लागतात आणि सोलायला कडच सापडत नाही. उचलायचा वरचा हात याच निवारीच्या घडीतून काढलाय, म्हणजे हात धरून उचललं तरी भार त्याच मजबूत जागी जातो. हे बरोबर केलंय. हात स्वतः मात्र बारीक आहे, २५ मिलिमीटरची निवार आणि आत काही नाही. भरलेली सॅक जिन्यावरून नेताना बोटांत रुततो. ३८ मिलिमीटरची मागा, आत दोरी किंवा फोमची पट्टी घालून.

खालच्या टोकाला दुहेरी कापडाचा त्रिकोण आहे. त्याची आठ-नऊ सेंटिमीटरची बाजू कडेच्या शिवणीत पूर्ण गेलीय आणि शेंड्यात २५ मिलिमीटरचा पट्टा पाच सेंटिमीटर आत घालून शिवलाय. पट्टा तिरका, साधारण ४५ अंशांत बाहेर येतो, म्हणजे खेचल्यावर शिवण पिळली जात नाही. पट्ट्याचं मोकळं टोक दोनदा दुमडून शिवलंय, त्यामुळे बकलातून ते निसटत नाही. पट्टा कापल्यावर टोक मेणबत्तीवर जाळून घट्ट केलंय का, तेही बघा. ते राहिलं तर महिन्याभरात धागे सुटतात.

दोरा बाँडेड नायलॉनचा, ४० नंबरचा. या कामाला तो पुरेसा आहे. सुईबरोबर मेळ हवा: एवढ्या दोऱ्याला १६ ते १८ नंबरची सुई, त्याहून बारीक घातली तर दोरा सुईच्या भोकात घासून फाटतो. टाके सरळ टिपेत एका इंचात सात-आठ आहेत आणि जाड कापडाला तेच योग्य. पुष्कळ जण बारीक टाके म्हणजे मजबूत शिवण समजतात. जाड नायलॉनला इंचात बारा-पंधरा टाके घातले तर पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि कापड त्याच रेषेवर फाटतं. एकाच रेषेवर पाच-सहा वेळा मागे-पुढे टीप मारून “डबल मजबूत” करण्यातही हाच धोका आहे. बारटॅकचं (एका जागी दाट टाके घालून जोड पक्का करणारं) मशीन नसेल तर जागा बदलत, शेजारी शेजारी तीन रांगा माराव्यात. या ठिकाणी बारटॅकचं मशीन नाही आणि त्यांनी नेमकं हेच केलंय.

शिवण तपासायची तर आतल्या बाजूचा दोरा बघा. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या थरांच्या मध्ये गुंतायला हवेत. खालचा दोरा नुसता सरळ पडून राहिलेला दिसला, नखाने उचलला की वर येतो असं वाटलं, तर वरच्या दोऱ्याचा ताण कमी होता. अशी टीप एका जागी तुटली की वीतभर उसवते. या सॅकमध्ये लांब शिवणी चांगल्या आहेत. पण तळाच्या एका कोपऱ्यात, जिथे पाच थर एकत्र येतात, तिथे टाके विषम पडलेत आणि आतल्या पायपिंगने (शिवणीच्या कडेवर चढवलेल्या पट्टीने) खालचा थर पूर्ण पकडलेला नाही. साधं मशीन एवढ्या जाडीवर खालचा थर पुढे ओढतं आणि वरचा मागे राहतो. वॉकिंग फूटचं मशीन सगळे थर बरोबर ओढतं. ते इथे एकच आहे आणि पट्ट्यांसाठी वापरतात. सॅक ताब्यात घेताना चारही कोपरे उलटे करून बोटाने चाचपा. पायपिंग कुठे निसटलेलं वाटलं तर तिथल्या तिथे पुन्हा टीप मारून घ्या, ते लगेच करून देतात.

आता कप्पे. मजबुती आणि कप्पे हे दोन वेगळे विषय म्हणून बघितले जातात, आणि सॅक लवकर खराब होण्याचं निम्मं कारण तिथेच आहे. अडीच किलोचे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर सुटे टाकले तर ते तळाच्या एका कोपऱ्यात जमतात. प्रत्येक पावलाला तिथेच आपटतात. सॅक जमिनीवर टेकली की आतून लोखंड आणि बाहेरून फरशी, मध्ये कापड. दुहेरी तळही मग एक-दोन वर्षांत भोकाळतो. लोखंड जागच्या जागी बांधलेलं असेल तर तेच कापड कितीतरी जास्त चालतं.

या कारागिराचा ठरलेला नमुना हत्यारांचा कप्पा सॅकच्या पुढच्या बाजूला देतो. काढा-घालायला तो सोयीचा आहे, पण चुकीचा. जड वस्तू पाठीपासून जितकी लांब तितकी सॅक मागे ओढते, खांद्यावरचे पट्टे वर उचलले जातात आणि वरच्या जोडावर सतत ताण राहतो. जड सामान पाठीला चिकटून आणि खांद्याच्या पात्यांच्या उंचीच्या आसपास हवं. म्हणून क्रम असा सांगा: पाठीला लागून लॅपटॉप, त्याच्यापुढे मधल्या पडद्यावर हत्यारं, मग फाईल, आणि पुढच्या भागात डबा, रेनकोट, हलकं सामान. मधला पडदा नुसता वरून लोंबता ठेवू नका. दोन्ही कडांना आणि खाली शिवलेला, मध्ये एक मिलिमीटरची प्लॅस्टिक शीट सरकवलेला असा मागा, नाहीतर हत्यारांच्या वजनाने त्याची झोळी होते.

लॅपटॉपच्या कप्प्याचा तळ सॅकच्या तळापासून चार सेंटिमीटर वर ठेवलाय. ही गोष्ट न सांगता मिळते आणि तिचं कौतुक करायला हवं. सॅक धपकन खाली ठेवली तरी लॅपटॉपचा कोपरा जमिनीला लागत नाही. १५.६ इंची लॅपटॉप उभा ठेवला की त्याला साधारण २५ सेंटिमीटर रुंदी आणि ३६ उंची लागते. कप्पा २७ रुंद आहे, बरोबर बसतो. फाईलच्या कप्प्याची उंची मात्र आपण सांगायची. ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटरचा, पण कोर्टाचे आणि जमिनीचे जुने कागद पुष्कळदा लीगल आकारात, ३५.६ सेंटिमीटर लांब असतात. उतारे, दस्त घेऊन कचेऱ्यांच्या फेऱ्या मारणाऱ्यांनी हा कप्पा ३७ चा करून घ्यावा. ए-फोरच्या मापाने घेतला तर कागदांची वरची कड पहिल्याच दिवशी मुडपते.

लहान खिशांत कापड किती सोडायचं याचा हिशेब बहुतेक शिवणाऱ्यांकडून चुकतो. खिसा सपाट शिवला तर रिकामा असताना छान दिसतो, आणि वस्तू घातली की पाठीमागचा पडदा ओढून घेतो. साधं गणित आहे: चपट्या चौकोनी वस्तूला तिची रुंदी, अधिक जाडीच्या दुप्पट, अधिक एक सेंटिमीटर. व्हर्नियरची डबी आठ सेंटिमीटर रुंद आणि अडीच जाड असेल तर खिशाचं कापड १४ सेंटिमीटर, आणि शिवणीतली जागा आठ-नऊच. जास्तीचं कापड तळाला दोन चुण्यांत घ्यायचं. गोल वस्तूला व्यासाच्या अडीच पटीपेक्षा किंचित जास्त कापड लागतं. २५ मिलिमीटरच्या टॉर्चला ६४ मिलिमीटर. मायक्रोमीटरची पेटी, मल्टिमीटर, टेप, पेन ही सगळी मापं कागदावर लिहून न्या, नाहीतर प्रत्यक्ष वस्तूच घेऊन जा. या कारागिराला वस्तू दाखवली की तो टेबलावर ठेवून खडूने आखतो. अशी आखून घेतलेली बाजू त्याच्या ठरलेल्या नमुन्यापेक्षा कितीतरी सरस उतरते. इलॅस्टिकच्या फासात हत्यारं अडकवायचा नमुनाही तो दाखवतो, पण तो घेऊ नये. इलॅस्टिक ढिलं पडतं आणि पाने वरून निसटतात. झाकणाचा, वेल्क्रोचा खिसा बरा.

अस्तर न सांगता काळं येतं. फिकट राखाडी किंवा पिवळं सांगा, २१० डेनियरचं. काळ्या अस्तरात पडलेला चार मिलिमीटरचा स्क्रू किंवा सिमकार्डाची पिन संध्याकाळच्या उजेडात सापडत नाही. फिकट अस्तर मळतं, हे खरं. पण मळ दिसला तर धुताही येतो.

बाटलीचा खिसा बाजूला आहे आणि त्याच्या तळाला पाणी जायला आयलेट, म्हणजे कडी बसवलेलं भोक आहे. एक लिटरच्या बाटलीचा व्यास आठ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे कापड २०-२१ सेंटिमीटर हवं. इथे १७ च दिलंय, त्यामुळे बाटली आतल्या जागेत घुसते आणि डब्याशी भांडते. हेही माप सांगून वाढवून घ्या. डब्यासाठी शिवलेला कायमचा कप्पा नकोच. आतून कोटिंग असलेली सुटी पिशवी बरी, आमटी सांडली तर तेवढीच धुता येते.

मुख्य चेन आठ नंबरची कॉइल (वेटोळ्याच्या दातांची), खिशांना पाच नंबर. हा नंबर म्हणजे मिटलेल्या दातांची मिलिमीटरमधली अंदाजे रुंदी. “नंबर किती पायजे सांगा, घालून देतो की,” असं उत्तर मिळतं, आणि खरंच घालून देतात. दोष चेनमध्ये नाही, वळणात आहे. वरचे दोन्ही कोपरे जवळजवळ काटकोनात वळवलेत. त्या वळणात टाकेही दाटलेत, इंचात दहा-अकरा. रनर तिथे अडखळतो, माणूस जोर लावतो, आणि रनरच्या एका बाजूची भिंत घासून रुंद होते. मग तो पुढे सरकतो आणि मागचे दात पुन्हा उघडतात. लोक म्हणतात चेन गेली. गेलेला असतो रनर. पक्कडीने त्याच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या, सारख्या दाबल्या तर काही महिने निघतात, नंतर रनर बदलावा लागतो. वळणाची त्रिज्या सहा सेंटिमीटर द्या, एवढं सांगितलं की हा दोष उरत नाही. आणखी एक सांगायचं: चेनची टोकं पायपिंगखाली पक्की शिवू नका, वर कापडाचा छोटा तुकडा लावून बंद करा. तसं केलं तर रनर बदलायला फक्त तो तुकडा उसवावा लागतो, पायपिंगला हात लागत नाही.

चेन दोन्ही बाजूंनी तळापर्यंत नेलेली नाही, दोन-तृतीयांशावर थांबवलीय, आणि ते योग्य आहे. तळापर्यंत उघडणारी सॅक टेबलावर छान दिसते, पण भार चेनवर येतो. फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात जाणाऱ्यांसाठी एक सूचना. वाळूचे बारीक कण कॉइलमध्ये अडकतात आणि कानशीसारखं काम करतात. जुन्या टूथब्रशने झाडायचं, पाण्याने धुऊन वाळवायचं आणि मेणबत्ती हलकी फिरवायची. तेल अजिबात नको, धूळ त्याला आणखी चिकटते.

पावसाबद्दल गैरसमज नको. कापडातून पाणी येत नाही, पण सुईच्या प्रत्येक भोकातून येतं. शिवणीवर आतून टेप लावण्याची सोय इथे नाही. चेनवर अडीच सेंटिमीटरची झडप आहे, ती बेळगावच्या भुरभुरीला पुरते. मोटारसायकलवर खानापूरच्या पुढे जाणाऱ्यांना ती पुरणार नाही. तळाच्या खिशातून निघणारं आवरण १५० रुपये जास्त देऊन मिळतं, ते घ्यावं; तरी पाठीवरून ओघळणारं पाणी आवरणाच्या आतून पाठीच्या फोममध्ये जातंच. कागद आणि लॅपटॉप त्या दिवसांत प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत, तोंड तीनदा गुंडाळून.

खांद्याचा फोम अंगठ्याने दाबून सोडला की लगेच वर येतो. पांढरा पॅकिंगचा फोम असता तर दबलेलाच राहिला असता. छातीवरचा पट्टा वेगळ्या पैशाने मिळतो. आठ किलोला तो हवाच, नाहीतर पट्टे खांद्यावरून बाहेर सरकतात.

सॅक हातात आली की पहिल्या रात्री तिच्यात १५ किलो तांदूळ भरून एकाच पट्ट्याने दाराच्या भक्कम कडीला टांगा. सकाळी वरच्या जोडातली चौकट, खालचा त्रिकोण आणि बकल बघा. टाक्यांच्या भोकांचे आकार लांबट झाले असतील किंवा भोवतीचं कापड चुणलं असेल तर परत न्या. या सॅकच्या वरच्या जोडात असं काही दिसलं नाही. बकलात मात्र पट्टा बोटभर सरकला. पट्टा गुळगुळीत विणीचा आहे, खरबरीत विणीचा मागितला तर बकल त्याला धरून ठेवतं.

किंमत २,४०० रुपये, अर्धे आगाऊ. वेळ एरवी आठ-दहा दिवस. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत शाळेच्या दप्तरांची गर्दी असते. तेव्हा ऑर्डर दिली तर उशीरही होतो आणि घाईची शिवणही मिळते. एकदा आखलेले फर्मे ते जपून ठेवतात, त्यामुळे दुसरी सॅक त्याच मापात मागता येते. दुरुस्तीही तेच करतात.

हीच सॅक छोटी करून मुलांसाठी शिवून द्या, अशी मागणी तिथे पुष्कळ येते. तसं करू नये. २०२० च्या शालेय दप्तर धोरणाप्रमाणे दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे ३० किलोच्या मुलाला सगळं मिळून तीन किलो. १००० डेनियर, जाड फोम आणि दुहेरी तळ घालून छोटी केलेली सॅकही किलोच्या जवळ जाते, म्हणजे वह्या भरायच्या आधीच तिसरा हिस्सा संपला. मुलांसाठी ४२० डेनियरचं नायलॉन, एकच तळ, पाच मिलिमीटरचा फोम आणि दोन कप्पे एवढंच सांगा. फक्त पट्ट्यांचा जोड मोठ्या सॅकसारखाच, चौकट-फुलीचा मागा.